मस्टँग घरी आणायचाय? आधी कुंपण, मग घोडा

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी माळांवर फिरणारे मस्टँग घोडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही केंद्र सरकारची संस्था पकडते आणि सामान्य माणसाला दत्तक देते. या संस्थेला तिकडे सगळे बीएलएम म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. मस्टँगबद्दल टेक्सास, कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोतल्या वाचकांची पत्रं आली, थोडी महाराष्ट्रातूनही आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : डॅलसच्या उत्तरेला आमची पाच एकर जागा आहे. सगळीकडून काटेरी तारेचं कुंपण आहे, एक जुनी शेड आहे. दोन मस्टँग घ्यायचं मनात आहे. अर्ज मंजूर होईल का?

जागा आज जशी आहे तशी दाखवलीत तर नाही होणार. किती एकर आहे याला सुरुवातीला फारसं महत्त्व नसतं. आल्या दिवसापासून माणसाळेपर्यंत घोडा जिथे राहणार ते कोरल, म्हणजे कुंपणाचं बंदिस्त आवार, कसं आहे यावर अर्ज ठरतो. नियम असा : दर घोड्यामागे किमान 400 चौरस फूट, म्हणजे 20 बाय 20. मोठ्या, न माणसाळलेल्या घोड्यासाठी कुंपण 6 फूट उंच, दीड वर्षाच्या आतल्या शिंगराला 5 फूट, गाढवाला साडेचार फूट. कुंपण लोखंडी पाइपचं, लाकडी वाशांचं किंवा निदान दीड इंच जाड फळ्यांचं हवं. काटेरी तार, विजेची तार, मोठ्या छिद्रांची जाळी यांतलं काही कोरलला चालत नाही. माळावर वाढलेल्या घोड्याला तार म्हणजे अडथळा हे ठाऊक नसतं. बिचकून पळाला की तो छातीने तारेवर जातो, आणि तिथे कातडी नुसती कापली जात नाही, सोलून निघते.

बहुतेकांची फसगत पॅनेल घेताना होते. शेतीमालाच्या दुकानात हारीने लावलेले 12 फुटी पाइपचे पॅनेल साधारण 5 फूट उंच असतात. 6 फुटी वेगळे मागवावे लागतात, महागही पडतात. एका घोड्याला 12 फुटांचे आठ पॅनेल, त्यांतलं एक दाराचं, असे जोडले तर 24 बाय 24 चं कोरल होतं आणि नियमापेक्षा थोडी ऐसपैस जागा मिळते. दोन घोड्यांना दहा पॅनेलमध्ये 36 बाय 24 मिळतं, तेही 800 चौरस फुटांच्या वर जातं. पॅनेल नुसते पिनांनी एकमेकांत अडकवून सोडू नका. आठ-नऊशे पौंडांचा घोडा छातीने रेटतो तेव्हा अख्खं कोरल जमिनीवरून सरकतं आणि कोपऱ्यात फट पडते. कोपऱ्यांवर आणि मध्ये खांब रोवून पॅनेल त्यांना बांधा. लोखंडी टी-पोस्ट वापरणार असाल तर ते बाहेरच्या बाजूला घ्या आणि डोक्यावर टोप्या बसवा. उघड्या टी-पोस्टवर उडी मारणारा घोडा पोट फाडून घेतो.

शेडला छप्पर आणि निदान दोन भिंती हव्यात, पाण्याचा निचरा आणि हवा हवी. ताडपत्रीचं छप्पर मान्य होत नाही. शेड कोरलच्या आत येईल किंवा कोरलमधून थेट तिच्यात जाता येईल अशी मांडणी करा. तुमच्या जुन्या शेडमध्ये पत्र्याच्या कडा आणि निघालेले खिळे किती आहेत ते आतून हात फिरवून बघा.

घोडा घरी आणायच्या ट्रेलरचंही असंच. वरून बंद, आतून गुळगुळीत, भक्कम तळाचा आणि मागे पूर्ण उघडणारं झुलतं दार असलेला स्टॉक ट्रेलर, म्हणजे गुरं नेण्याचा ट्रेलर, चालतो. मध्ये दांडा घातलेला दोन घोड्यांचा ट्रेलर किंवा मागे रॅम्प पडणारा ट्रेलर घेऊन गेलात तर घोडा चढवून देत नाहीत. भाड्याने किंवा मित्राकडून आणणार असाल तर आधी फोटो पाठवून विचारून घ्या.

बाकी अटी सोप्या आहेत. वय 18 पूर्ण, प्राण्यांशी क्रूरपणे वागल्याबद्दल शिक्षा झालेली नाही, आणि मालकीहक्क (तो वर्षभराने मिळतो) मिळायचे बाकी असलेले चारापेक्षा जास्त घोडे एका वेळी नाहीत. अर्ज 4710-10 क्रमांकाच्या फॉर्मवर असतो, त्यात कोरलची आकृती मोजमापांसह काढून द्यावी लागते. आकृतीत कुंपणाची उंची, साहित्य, शेड, पाणी आणि दार सगळं दाखवा. अर्ज परत येतो तो बहुधा इथेच काहीतरी राहिल्यामुळे.

प्रश्न : बीएलएमच्या ऑनलाइन लिलावात फोटो आणि छोटा व्हिडिओ एवढंच दिसतं. त्यावरून घोडा कसा निवडायचा? आणि मानेवरच्या पांढऱ्या खुणा काय असतात?

आधी खुणा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या लोखंडाने मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, शिक्का मारतात. तिथले केस पुढे पांढरे उगवतात. पहिली खूण सरकारी नोंदणीची, नंतर एकावर एक दोन कोन म्हणजे जन्मवर्ष, आणि पुढे सहा आकडी नोंदणी क्रमांक. आकडे सरळ लिहिलेले नसतात, कोनांच्या आणि रेषांच्या भाषेत असतात, म्हणजे कोणी खाडाखोड करून क्रमांक बदलू शकत नाही. लिलावाच्या पानावरचा क्रमांक आणि तुम्हाला ट्रेलरमध्ये चढवून दिलेल्या घोड्याच्या मानेवरचा क्रमांक जुळतो का, हे तिथेच बघा. जन्मवर्ष दातांवरून ठरवलेलं असतं. लहान घोड्यात ते बऱ्यापैकी बरोबर असतं, आठ-नऊ वर्षांच्या पुढे एखाद-दोन वर्षांचा फरक धरून चला.

आता निवड. रंगावर भाळू नका. ठिपक्यांचे आणि सोनेरी घोडे बोलीत चढतात, तपकिरी आणि काळपट घोडे 125 डॉलरच्या किमान बोलीवरच राहतात. या दोघांच्या स्वभावात रंगामुळे कणभरही फरक नसतो. व्हिडिओत पाय बघा : चारही पायांवर सारखं वजन टाकतो का, वळताना एखादा पाय राखून टाकतो का. मग कान आणि नजर बघा. कॅमेऱ्याकडे किंवा माणसाकडे कान करून क्षणभर थांबणारा, मग वळून जाणारा घोडा चांगला. कळपात सतत शेवटी ढकलला जाणारा घोडा माणसाशीही घाबरून वागेल. दुसऱ्यांना चावून हुसकावणाऱ्याला अनुभवी हात लागतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर तीन ते सहा वर्षांचा खच्ची केलेला घोडा घ्या, असं आमचं मत आहे. एक वर्षाचं शिंगरू गोंडस दिसतं, कुंपणही 5 फुटांचं पुरतं, पण त्याच्यावर बसायला अजून दोन-अडीच वर्षं थांबावं लागतं आणि तोवर नवख्या माणसाच्या हाताखाली ते चावायला, अंगावर यायला शिकून बसतं. घोडी घेत असाल तर ती पकडली तेव्हा गाभण असू शकते हे लक्षात ठेवा. गर्भ अकरा महिने राहतो, म्हणून ती कधी पकडली याची तारीख विचारा आणि हिशेब करा.

ओरेगॉनच्या स्टीन्स माउंटनमधले कायगर, माँटाना-वायोमिंगच्या सीमेवरचे प्रायर माउंटनचे, यूटाचे सल्फर, असे काही कळप जुन्या स्पॅनिश रक्तासाठी ओळखले जातात आणि त्यांना जास्त बोली लागते. घरच्या वापराला त्याने काही फरक पडत नाही. उंची बहुतेकांची 14 ते 15 हात, म्हणजे खांद्याशी 56 ते 60 इंच. सहा फुटी माणसाला ठेंगणा वाटेल, पण हाडापेरानं मजबूत असतो.

प्रश्न : मागच्या आठवड्यात घोडा आणला. बादलीतलं पाणी पीत नाही, गाजर-सफरचंदाला तोंड लावत नाही, जवळ गेलं की भिंतीला चिकटतो. आजारी आहे का?

बहुतेक नाही. त्याने बादली कधी बघितलेली नाही, गाजरही नाही. पाणी जमिनीलगतच्या रुंद टाकीत, काठोकाठ भरून ठेवा. नाक खुपसून बटण दाबल्यावर पाणी येणारी आपोआप भरणारी भांडी सध्या नकोत. दिवसाला 5 ते 10 गॅलन पाणी जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टाकीच्या आत खडूने रेघ मारून सकाळ-संध्याकाळ पातळी बघितली की अंदाज येतो. पूर्ण दिवस पाणी कमी झालंच नाही, शेण पडलं नाही, किंवा घोडा पोटाकडे वळून वळून बघतोय, पाय आपटतोय असं दिसलं तर पोटशूळ समजा आणि लगेच डॉक्टर बोलवा. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठी किंवा खोकला असेल तरी तेच. बीएलएमच्या मोठ्या कोरलमध्ये शेकड्याने घोडे एकत्र असतात, तिथून श्वसनाचे रोग येतात. म्हणूनच नव्या घोड्याला घरातल्या जुन्या घोड्यापासून निदान तीन आठवडे लांब ठेवायचं, नाकाला नाक लागणार नाही इतकं.

चारा साधा द्या. वजनाच्या दीड ते दोन टक्के वाळलेलं गवत, म्हणजे 900 पौंडांच्या घोड्याला 14 ते 18 पौंड, दोन-तीन वेळा विभागून. लसूणघासाचा मारा करू नका. धान्य तर नकोच. आधी कोणता चारा मिळत होता ते विचारा आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. मिठाचा खडा ठेवा.

भिंतीला चिकटणं ही भीती आहे, ती पळून जायला जागा नसली की वाढते. रोज ठरलेल्या वेळी चारा घेऊन आत जा, टाका, तिथेच पाठ अर्धवट वळवून उभे राहा. घोड्याने तुमच्याकडे बघितलं, एक पाऊल टाकलं, की तुम्ही मागे सरा. त्याच्या दृष्टीने तुम्ही दिलेला दाब सुटला, हेच बक्षीस. लोक याच्या उलट करतात : घोडा थांबला की पुढे सरकतात आणि तो पळाला की थांबतात. म्हणजे पळालं की सुटका होते, हेच त्याला शिकवतात. हात लावायची पहिली जागा खांदा किंवा आयाळीचं मूळ. तोंड आणि कपाळ नंतर. पहिला स्पर्श हाताने न करता लांब बांबूच्या टोकाने केलात तर लाथेच्या टप्प्याबाहेर राहता येतं.

म्होरकी एकदा चढली की अनेकजण ती काढतच नाहीत, कारण पुन्हा चढवता येणार नाही ही धास्ती. वाढत्या शिंगराच्या नाकावर ती रुतते. बघताना वरून केस नीट दिसतात, आणि हात घातला की पट्ट्याखाली ओली, सोललेली खाच लागते. कातडी पट्ट्यावरून वाढून आलेले घोडेही डॉक्टरांकडे येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि हे दर आठवड्याला तपासायला हवं. सुरुवातीला म्होरकीला दहा-बारा फुटांची मऊ सुती दोरी सोडून ठेवली तर डोक्याशी न जाता घोडा धरता येतो. दोरीच्या टोकाला गाठ नको, ती पॅनेलच्या फटीत अडकते. आणि हे तुम्ही तिथे असतानाच, रात्री नाही.

एक चूक मात्र सगळ्यात महाग पडते : "बिचारा कोंडलाय" म्हणून दुसऱ्या आठवड्यात कुरणात सोडणं. मग तो महिनोन्महिने हाती लागत नाही. खूर वाढतात. माळावरच्या खडकांवर ते आपोआप झिजत होते, मऊ गवतात झिजत नाहीत. जंताचं औषध राहतं, लस राहते. म्होरकी घालून चालतो, चारही पाय उचलू देतो, ट्रेलरमध्ये चढतो, इतकं झाल्याशिवाय कुरण नाही.

प्रश्न : आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. स्वतःची जमीन नाही. पैसे भरून तबेल्यात ठेवला तर चालेल का? खर्च किती?

नियमात बसतं, तबेल्याचं कोरल वरच्या मापांत असलं पाहिजे. अडचण अशी की बहुतेक खासगी तबेले न माणसाळलेला घोडा घेत नाहीत. त्यांच्या विमा कंपनीला ते परवडत नाही. तुमच्यासारख्यांनी प्रशिक्षित घोडा घ्यावा. काही राज्यांत तुरुंगांमध्ये कैदी मस्टँग शिकवतात. नेवाडातलं कार्सन सिटी आणि वायोमिंगमधलं रिव्हर्टन ही त्यांतली नावाजलेली ठिकाणं. तिथले घोडे खोगिराखाली चालवून दाखवतात आणि मग लिलाव होतो. दुसरा मार्ग खासगी प्रशिक्षकांचा. मस्टँग हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने 2007 मध्ये फोर्ट वर्थला पहिली मोठी स्पर्धा भरवली, तीत प्रशिक्षकांना 100 दिवसांत रानातला घोडा तयार करून दाखवायचा होता. तेव्हापासून मस्टँगमध्ये मुरलेल्या प्रशिक्षकांची एक पिढी तयार झाली आहे. अशा माणसाकडून, तीन-चार भेटी देऊन, स्वतः म्होरकी घालून बघून घोडा घ्या.

खर्चाचं म्हणाल तर दत्तक शुल्क हा सगळ्यात छोटा आकडा आहे. एका घोड्याला वर्षाला अडीच ते सव्वातीन टन गवत लागतं. अमेरिकन टन 2,000 पौंडांचा, आणि टनाचा भाव राज्य आणि दुष्काळ यांप्रमाणे दुप्पट-तिप्पट फिरतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद खूर कापायला येणार, नाल ठोकायची गरज बहुतेक मस्टँगना पडत नाही. वर्षाला धनुर्वात, मेंदूज्वर, वेस्ट नाइल आणि रेबीजच्या लशी, दात कानशीने घासून घेणं, शेण तपासून जंताचं औषध. प्रशिक्षकाचे महिन्याचे पैसे यात धरलेले नाहीत, आणि पहिल्या वर्षात तेच सगळ्यात जास्त जातात. पंचवीस-तीस वर्षं जगणारं जनावर आहे, हेही हिशेबात घ्या.

प्रश्न : घोडा दत्तक घेतला की सरकार एक हजार डॉलर देतं असं ऐकलं. अजून चालू आहे का?

मार्च 2019 मध्ये ही योजना आली. न शिकवलेला घोडा घेणाऱ्याला घोड्यामागे 1,000 डॉलर मिळत. दत्तकांचे आकडे वाढले खरे, पण त्यातून भलताच धंदा उभा राहिला. एकेका कुटुंबातल्या प्रत्येकाने चार-चार घोडे घ्यायचे, वर्षभर कसेबसे पोसायचे, मालकीचा कागद आला की लिलावात विकायचे. त्या लिलावांत कत्तलीसाठी खरेदी करणारे बसलेले असतात. अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने 2007 पासून बंद आहेत, तरी घोडे मेक्सिको आणि कॅनडाला जातात. 2021 मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आलं, खटला झाला, आणि मार्च 2025 मध्ये कोलोरॅडोतल्या केंद्रीय न्यायालयाने योजना रद्दबातल ठरवली. सरकारी पैसा मिळेल असं धरून घोडा घेऊ नका. आमच्या मते ज्याला त्या हजार डॉलरची गरज होती, त्याला घोडा परवडणारच नव्हता.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी घेतलेला घोडा आता ठेवणं शक्य नाही, नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जावं लागतंय. एक ओळखीचे गृहस्थ घ्यायला तयार आहेत. देऊन टाकू का?

थांबा, असा देता येत नाही. पहिलं वर्षभर घोडा सरकारच्या मालकीचा असतो, तुम्ही सांभाळ आणि देखभालीच्या करारावर सही केली आहे. त्या करारानुसार 30 दिवसांपेक्षा जास्त काळ घोडा दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला आधी परवानगी लागते. पत्ता बदलला तर 30 दिवसांत कळवायचं. घोडा मेला, चोरीला गेला, पळाला तर कळल्यापासून 7 दिवसांत. तपासणीसाठी लेखी मागणी आली तर 7 दिवसांत घोडा दाखवायचा.

तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, त्या गृहस्थांनी बीएलएमकडे रीतसर अर्ज करायचा, त्यांची जागा मान्य झाली की घोडा त्यांच्या नावावर वर्ग होतो. दोन, करार संपवायचाय असं तुम्ही लेखी कळवायचं. मग बीएलएम 30 दिवसांच्या आत त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी घोडा परत घेते किंवा दुसऱ्या पात्र माणसाकडे देते. परत देण्यात कमीपणा काही नाही. घरामागे उपाशी ठेवण्यापेक्षा किंवा गुपचूप विकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, आणि गुपचूप विकणं गुन्हाही आहे.

वर्ष पूर्ण झाल्यावर मालकीच्या अर्जावर पशुवैद्याची किंवा अशाच पात्र व्यक्तीची सही लागते, की घोड्याचा सांभाळ नीट झाला आहे. तो कागद आल्यावर घोडा सर्वस्वी तुमचा. कागद आपोआप येत नाही, अर्ज तुम्हालाच पाठवायचा आहे. कित्येकजण तो ड्रॉवरमध्ये विसरतात आणि तीन-तीन वर्षं सरकारी घोडा पोसत राहतात.

आणखी एक, घोडा घेतल्यापासून सहा महिन्यांत, घेतानाच असलेल्या दुखण्यामुळे मेला किंवा मारावा लागला तर पशुवैद्याच्या दाखल्यावर बदली घोडा मागता येतो.

प्रश्न : कोलोरॅडोत एका निवारा संस्थेत स्वयंसेवक आहे. आमच्याकडे मालकीचा कागद असलेले सात मस्टँग आहेत. चांगलं घर मिळवताना काय बघावं? जाहिरातीला फोन खूप येतात, टिकत कोणी नाही.

फोन खूप येतात म्हणजे जाहिरात चुकीच्या माणसांना बोलावतेय. "सुंदर, गोड स्वभावाचा, प्रेमळ घर हवं" अशा जाहिरातीवर घोड्याचा अनुभव नसलेले लोक येतात. घोडा काय करतो आणि काय करत नाही, दोन्ही लिहा. उदाहरणार्थ : "सहा वर्षं, 14.2 हात (14 हात 2 इंच), खच्ची. म्होरकी घालू देतो, तीन पाय उचलतो, मागचा उजवा अजून ओढून घेतो. ट्रेलरमध्ये चढतो, एकटा उतरायला घाबरतो. कोणी बसलेलं नाही. कुत्रे चालतात, मांजराला बिचकतो." ही वाचून जो फोन करतो तो निम्मा पारखलेला असतो. फोटो चार : दोन्ही बाजू, समोरून, आणि मानेचा शिक्का. शिवाय दोन मिनिटांचा न कापलेला व्हिडिओ, ज्यात मोकळ्या घोड्याला धरण्यापासून ट्रेलरमध्ये चढवण्यापर्यंत सगळं आहे.

फुकट कधीही देऊ नका. फुकट किंवा शे-दोनशे डॉलरचा घोडा कत्तलीच्या दलालाला नफा देतो. तो गोड बोलतो, मुलीसाठी हवाय म्हणतो, तुमच्याकडे यायला ट्रेलर घेऊनच तयार असतो. किंमत तुमच्या भागात मांसासाठी जाणाऱ्या घोड्याला लिलावात येते त्याच्या वर ठेवा. घेणारा खरा असेल तर तो यावर अडत नाही.

फोनवरच विचारायचे प्रश्न : नालबंद कोण आणि शेवटचा कधी आला? डॉक्टर कोण? दोघांचेही नंबर घ्या आणि फोन करा. बहुतेक फसवणूक इथेच उघडी पडते. याआधीचा घोडा कुठे गेला? उत्तर "विकला" असेल तर कोणाला. गवत वर्षाचं भरता की महिन्याचं? घरात दुसरा घोडा आहे का? एकटा घोडा दुःखी होतोच, मस्टँग तर कुंपण तोडतो. घोड्यावर कोण बसणार? इथे "मुलं" असं उत्तर आलं आणि घोडा अजून शिकलेला नसेल, तर नम्रपणे दुसरा घोडा सुचवा.

मग जागा बघायला जा. जाणं शक्य नसेल तर चालता चालता काढलेला व्हिडिओ मागवा, निवडक फोटो नकोत. पाण्याची टाकी हिरवी आहे का, दाराचे कडे बसतात का, कुंपणाशी भंगार पडलंय का. यात माणूस कळतो. त्यानंतर त्याने तुमच्याकडे तीन वेळा यावं, तीन वेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी नुसतं बघणं, दुसऱ्या दिवशी तुमच्या देखरेखीखाली म्होरकी आणि चालवणं, तिसऱ्या दिवशी सगळं त्याने, तुम्ही कुंपणाबाहेर. तीन वेळा यायला जो कुरकुरतो, तो थंडीत पहाटे बर्फ फोडून पाणी देणार नाही.

करारात लिहून घ्या की पुढे घोडा नको झाला तर आधी तुम्हाला विचारायचं, लिलावात द्यायचा नाही. न्यायालयात हे किती टिकतं हा प्रश्न वेगळा, पण प्रामाणिक माणसाला अडचणीच्या वेळी फोन कोणाला करायचा हे त्यामुळे माहीत राहतं. विक्रीपत्रावर शिक्क्याचा क्रमांक आणि मालकीच्या कागदाची प्रत जोडा. कोलोरॅडोत मालकी बदलताना ब्रँड इन्स्पेक्टरची, म्हणजे जनावरांचे शिक्के तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, तपासणी बंधनकारक आहे, आणि राज्याबाहेर जाणार असेल तर कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्तचाचणीचा) अहवाल आणि आरोग्य दाखला. घोडा गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करा. तिसऱ्या आठवड्यातला सर्वात महत्त्वाचा. नवलाई तेव्हा सरते, घोडाही नव्या माणसाची परीक्षा घ्यायला लागलेला असतो, आणि एका छोट्या सल्ल्याने जमणारी जोडी सल्ल्याविना तुटते. सात घोडे एकदम उतरवायची घाई करू नका. जो सगळ्यात सोपा आहे तो आधी चांगल्या घरी गेला की त्याच घरातून पुढचा फोन येतो.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. मोकळे फिरणारे घोडे पकडायचेच कशाला? आणि असा घोडा भारतात आणता येईल का?

1971 च्या कायद्याने या घोड्यांना संरक्षण दिलं. नेवाडातल्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, लोक त्यांना वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी म्हणत. संरक्षण मिळालं आणि मोठे शिकारी प्राणी जवळजवळ नसलेल्या प्रदेशात कळप वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढू लागले. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. बीएलएमच्या हिशेबाने तिच्या ताब्यातल्या माळांना सुमारे साडेपंचवीस हजार जनावरं पेलतात, मार्च 2024 ची मोजणी साडेत्र्याहत्तर हजारांच्या आसपास होती. पकडून कोरलांत आणि भाड्याच्या कुरणांत ठेवलेली साठ हजारांहून जास्त आहेत, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्या चाऱ्यात जातो. साडेपंचवीस हजार हा आकडाच वादाचा आहे, कारण त्याच सरकारी जमिनींवर खासगी गुरंही चरतात. घोड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घोडीला गर्भनिरोधक लस टोचण्याचा उपाय आहे, पण ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि डोंगराळ माळावर तीच घोडी पुन्हा सापडायला हवी.

भारतात आणायचं म्हणाल तर मालकीचा कागद येईपर्यंत घोडा अमेरिकेबाहेर नेता येत नाही. त्यानंतर विलगीकरण, चाचण्या आणि विमानाचं भाडं. एवढ्या पैशांत सारंगखेड्याच्या बाजारात उत्तम घोडा मिळेल आणि त्याला इथली हवाही मानवेल.

प्रश्न : घोडा झेपेल असं वाटत नाही. गाढव घेतलं तर?

चांगला विचार आहे. रानगाढवं मुख्यतः अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतून येतात. ती घोड्यापेक्षा लवकर माणसाळतात, कारण घाबरल्यावर पळण्याऐवजी थांबून विचार करतात. पण दोन घ्या. एकटं गाढव रात्रभर ओरडतं आणि शेजारी तक्रार करतात. चारा घोड्याहून निकृष्ट लागतो : जाड काड्यांचं गवत, थोडा पेंढा. हिरव्यागार कुरणात सोडलं तर काही महिन्यांत मानेवर चरबीची वळी चढून ती एका बाजूला कलंडते, आणि ती पुन्हा सरळ होत नाही. पुढे खुरांचा दाह होतो, गाढव पुढच्या पायांवर वजन टाकेनासं होतं. पावसाळी भागात राहत असाल तर शेड नीट बंदिस्त हवी, गाढवाच्या केसांतून पाणी निथळत नाही, आत मुरतं. मेंढ्या राखायला म्हणून घेणार असाल तर नर नको, मादी किंवा खच्ची केलेलं घ्या, आणि आधी काही आठवडे मध्ये कुंपण ठेवून मेंढ्यांची ओळख होऊ द्या.